यार्डात चोरी, सहा कॅमेरे आणि चेहरा एकही नाही: बाहेरचे कॅमेरे नेमके कसे लावावेत?

यार्डवाली_कराड | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे धंदा करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. थोडं लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

कराडजवळ महामार्गाला लागून आमचं बिल्डिंग मटेरियलचं यार्ड आहे, साधारण पंधरा गुंठे. पुढे दुकान, एका बाजूला सिमेंटचं पत्र्याचं शेड, मागे उघड्यावर सळई, आणि मागच्या तारेच्या कुंपणापलीकडे ऊस. सासऱ्यांनी सुरू केलेला धंदा, गेली सहा वर्षं मी बघते.

नऊ दिवसांपूर्वी, शनिवारच्या रात्री, चोरी झाली. १२ एमएमच्या चाळीस सळ्या, बाइंडिंग वायरची अकरा बंडलं आणि तयार रिंगांची पोती गेली. १२ एमएमची १२ मीटरची एक सळई साडेदहा किलोच्या वर भरते, म्हणजे नुसती सळईच सव्वाचारशे किलो. हे कोणी खांद्यावरून नेत नाही. गाडी आली, सळ्या मधोमध वाकवल्या, भरल्या, गेली.

आमच्याकडे सहा कॅमेरे आहेत. तीन वर्षांपूर्वी लावले, २ मेगापिक्सेलचे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) दुकानात काउंटरखाली. लावणाऱ्याने दिवसा मोबाइलवर चित्र दाखवलं, लख्ख दिसत होतं, मी पैसे दिले. रात्रीचं चित्र तीन वर्षांत एकदाही नीट बसून पाहिलं नाही. त्याचा आता फार पश्चात्ताप होतो.

फुटेजमध्ये १:३७ ला मागच्या बाजूला तीन पांढुरके आकार दिसतात. एकाच्या डोक्याला टोपी किंवा गुंडाळलेलं काहीतरी आहे. चेहरा एकाचाही नाही. गाडीची नंबर प्लेट म्हणजे नुसता पांढरा चौकोन.

आता खरं दुखणं. आमच्याकडे रात्रीला मामा असतात, सतरा वर्षं आहेत. डोक्याला कायम टोपी. ते म्हणाले, दीड वाजता मी गेटपाशी बाजेवर बसलो होतो, एकही गाडी आत आली नाही. आणि फुटेज म्हणतं १:३७. त्यामुळे सगळ्यांनी एकच अर्थ काढला. पोलिसांनी दोनदा बोलावून विचारपूस केली. त्यानंतर मामा कामावर आलेले नाहीत, फोनही उचलत नाहीत. घरात माझे दीर म्हणतात, कॅमेरा काय खोटं बोलतो का?

दोन प्रश्न आहेत. जुन्या फुटेजमधला चेहरा कुठे क्लिअर करून मिळतो का? आणि नवीन कॅमेरे लावायचे तर कसे?

---

तारजोडणी | सोमवार, रात्री ११:२५

ताई, मी कोल्हापुरात पंधरा वर्षं हेच काम करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून वाईट वाटेल. चेहरा क्लिअर होणार नाही. जे टिपलंच नाही ते काढायचं कुठून? हल्ली मोबाइलवर फोटो चकचकीत करणारी ॲप आहेत, पण ती चेहरा "बनवतात". त्यातून निघालेला चेहरा दुसऱ्याच कुणाचा असू शकतो. मामांच्या बाबतीत तर असलं काही कुणाला चुकूनही करू देऊ नका.

का नाही दिसला ते सांगतो. कॅमेऱ्यावर २.८ एमएम लेन्स असणार, कारण सगळे तीच लावतात. ती सुमारे १०० अंशांत बघते. तुमची सळई कॅमेऱ्यापासून २० मीटरवर असेल तर तिथे जवळपास ४८ मीटर रुंदीचा पट्टा त्या चित्रात बसतो. २ मेगापिक्सेलचं चित्र आडवं १९२० ठिपक्यांचं, म्हणजे मीटरला ४० ठिपके. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद. आला सहा ठिपक्यांत. सहा ठिपक्यांत नाक-डोळे कुठून येणार?

आमच्या क्षेत्रात आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतले आकडे धरत आलेत. कोणीतरी आहे एवढं कळायला मीटरला २५ ठिपके, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. तुमचा कॅमेरा पहिल्या पायरीवर उभा आहे आणि लोक त्याच्याकडून तिसऱ्या पायरीचा निवाडा मागताहेत.

उद्या टेपने मोजून एवढं सांगा: प्रत्येक कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आणि सळईपासून किती अंतरावर. यार्डात रात्री दिवा कुठे आहे तेही.

---

भोसरी_शेड | सोमवार, रात्री ११:५०

वहिनी, बाकी सगळं नंतर. आधी एक करा. डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ शेजारी धरून बघा. माझ्या शेडमध्ये चोरी झाली होती तेव्हा डीव्हीआर पंचवीस मिनिटं पुढे निघाला. आम्ही चुकीच्या पाळीच्या पोरांना दोन दिवस दोष देत होतो.

---

यार्डवाली_कराड | मंगळवार, सकाळी ८:०५

हात थरथरताहेत लिहिताना.

सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं तेच केलं. मोबाइलवर ७:४९, डीव्हीआरवर ७:१२. सदतीस मिनिटं मागे.

म्हणजे १:३७ म्हणजे खरे २:१४. मामा रोज दोनच्या सुमारास समोरच्या पेट्रोल पंपावर प्यायचं पाणी भरायला आणि चहा घ्यायला जातात. सतरा वर्षांची सवय, आम्हीच परवानगी दिलेली. दीड वाजता ते गेटपाशीच होते. ते खरंच बोलत होते.

---

तारजोडणी | मंगळवार, सकाळी ८:१२

ताई, हे असंच होतं. आतलं घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडलं तरी तीन वर्षांत छत्तीस मिनिटं होतात. नेटवरून वेळ जुळवून घ्यायची सोय, एनटीपी, बहुतेक डीव्हीआरमध्ये असते. एक खूण करायची असते फक्त. ती केलेली नाही.

आत्ता वेळ दुरुस्त करू नका. कशालाच हात लावू नका. वकील मंडळी येतीलच.

---

कोर्टाची_पायरी | मंगळवार, सकाळी ८:४०

वकिली करतो, फौजदारी. वर सांगितलंय ते अगदी बरोबर, घड्याळाला हात लावू नका. ताई, पुढच्या काही तासांत हे करा, याच क्रमाने.

पहिलं म्हणजे पंप. तिथे कॅमेरे असणारच. नवीन रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं. कुणाचं पंधरा दिवस राहतं, कुणाचं सात. तुमचा आज दहावा दिवस आहे. चहा घेऊन झाल्यावर जाऊ असं करू नका, आत्ता निघा. पंपाच्या मालकांना लेखी विनंती द्या आणि पोच घ्या. तपास अधिकाऱ्यांनाही आजच लेखी अर्ज द्या की पंपावरचं फुटेज ताब्यात घ्यावं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस लेखी आदेश देऊन ते मागवू शकतात. पंपाची माणसं घाबरून नाही म्हणाली तर हा मार्ग उपयोगी पडतो.

दुसरं, डीव्हीआरच्या वेळेतला फरक पुराव्यासकट नोंदवा. दोन शेजारी बोलवा, डीव्हीआरची स्क्रीन आणि मोबाइलची स्क्रीन एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, कागदावर लिहून सह्या घ्या. हीच नोंद पोलिसांच्या पंचनाम्यात यावी असा आग्रह धरा.

तिसरं, फुटेज डीव्हीआरमधूनच पेनड्राइव्हवर काढा, मूळ स्वरूपात. स्क्रीनसमोर मोबाइल धरून शूट केलेला व्हिडिओ हा पुरावा म्हणून फार लंगडा असतो, आणि बहुतेक लोक नेमकं तेच करतात.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं पूर्वीचं कलम ६५-ब चं प्रमाणपत्र आता कलम ६३ खाली द्यायचं असतं. नमुना कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्याचे दोन भाग: भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने भरायचा, म्हणजे तुम्ही, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. ती म्हणजे फाइलचा अंगठा समजा. नंतर कुणी एक फ्रेम जरी बदलली तरी तो जुळत नाही.

हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं आहे ते आपल्या जालन्याच्या निकालात दिसतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर दाखल झाला का, या वादात निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुरावा म्हणून आलं. ते प्रकरण, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १४ जुलै २०२० ला न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, नाहीतर प्रमाणपत्र हवंच. पण त्यात अजून एक गोष्ट आहे, जी तुमच्या कामाची. तिथे अधिकाऱ्यांकडे वारंवार मागणी करूनही प्रमाणपत्र मिळालं नव्हतं, आणि शक्य ते सगळं केलेल्या पक्षाला न्यायालयाने त्याचा तोटा होऊ दिला नाही. म्हणून म्हणतो, पंपाकडे मागणी लेखीच करा.

---

बेदाणा_शेड | मंगळवार, दुपारी १:१५

तासगावकडचा आहे. ताई, तुमचं वाचून पोटात कालवलं. मामांचं काय झालं ते नक्की कळवा.

पंपावरून येईपर्यंत माझा अनुभव लिहून ठेवतो, रानात माल असणाऱ्यांना उपयोगी पडेल. आमचा बेदाणा रॅकवर पंधरा-एक दिवस सुकत असतो, फेब्रुवारी ते एप्रिल, आणि शेडवर लाइटचा भरवसा नाही. म्हणून सोलर पॅनेलवाला ४जी कॅमेरा घेतला, सिमकार्डचा. चांगला आहे, पण तो सतत रेकॉर्ड करत नाही. बॅटरी वाचवायला झोपलेला असतो, हालचाल झाली की उठतो. उठायला सेकंद-दोन सेकंद जातात. झपझप चालणारा माणूस तेवढ्यात निघून गेलेला असतो, क्लिपमध्ये पाठ येते. मी आता तो वाटेला आडवा न लावता वाटेच्या तोंडाशी, येणाऱ्याच्या समोर लावलाय. माणूस त्याच्याकडेच चालत येतो, मग उशिरा उठला तरी चेहरा मिळतो.

आणि सिमचा रिचार्ज संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझा एकदा ऐन हंगामात संपला होता.

---

यार्डवाली_कराड | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

मिळालं.

पंपावर पंधरा दिवसांचं राहतं. मालक भला माणूस, मामांना ओळखतात. त्यांचं घड्याळ बरोबर आहे. २:०८ ला मामा कळशी घेऊन येताना दिसतात, चेहरा अगदी स्पष्ट. २:१२ ला महामार्गावरून एक पिकअप आमच्या बाजूच्या कच्च्या रस्त्याला वळते. मामा २:३१ पर्यंत पंपावरच आहेत, चहा घेताहेत, पोऱ्याशी बोलताहेत. २:२९ ला पिकअप बाहेर येते, मागे ताडपत्री.

तपास अधिकारी स्वतः आले, बघितलं, पंचनाम्यात दोन्ही घड्याळांचा फरक लिहून घेतला. गाडीचा शोध घेतो म्हणाले.

आत्ता मी आणि मिस्टर मामांच्या घरी जाऊन आलो. पाया पडले त्यांच्या. ते काही बोलले नाहीत, फक्त मामींना म्हणाले, चहा टाक. कामावर येतील का ते विचारायची हिंमत झाली नाही.

---

भोसरी_शेड | मंगळवार, रात्री ९:०२

वहिनी, डोळ्यांत पाणी आलं. पंपाच्या मालकांना आमचा नमस्कार सांगा.

नव्या जोडणीबद्दल माझे चटके सांगतो. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते हे सगळ्या गावाला माहीत, तसंच चोरांनाही. माझ्याकडे आले तेव्हा आधी मीटरपेटीतून लाइट पाडली आणि जाताना डीव्हीआरच उचलून नेला. तांब्याचं भंगार गेलं ते गेलं, पुरावाही त्यांच्याच पिशवीत गेला. आता रेकॉर्डर पोटमाळ्यावर लोखंडी जाळीच्या पेटीत, कुलपात आहे. शिवाय गेटच्या कॅमेऱ्यात वेगळं मेमरी कार्ड. आणि सगळं इन्व्हर्टरवर. तुमच्यासारखे सहा कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर मिळून नव्वद वॉटच्या आसपास घेतात. १५० एएचच्या बॅटरीवर रात्र निघते.

---

पत्र्याचा_दिवा | मंगळवार, रात्री ९:४०

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. कॅमेऱ्याने चोरी थांबत नाही, चोरी झालेली दिसते. तेच पैसे मागच्या कुंपणाला, दोन चांगल्या दिव्यांना आणि एका कुत्र्याला घातले असते तर गाडी आत आलीच नसती. मागे ऊस, अंधार आणि तारेचं कुंपण हे तर आमंत्रणच आहे.

---

तारजोडणी | मंगळवार, रात्री १०:३०

दादा, राग कसला. निम्मं तुमचं खरंच आहे. मी गिऱ्हाइकाला आधी दिवा आणि कुंपण सांगतो, मग कॅमेरा. पण मामा निर्दोष आहेत हे दिव्याने सांगितलं नसतं, कुत्र्यानेही नाही. ते पंपावरच्या एका नीट लावलेल्या कॅमेऱ्याने सांगितलं. आणि ताईंच्या सहा वाईट लावलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांना गुन्हेगार ठरवलं होतं. मला वाटतं वाईट कॅमेरा हा कॅमेरा नसण्यापेक्षाही घातक. नसता तर लोकांनी मामांच्या शब्दावर विश्वास ठेवला असता.

ताईंनी मापं पाठवली आहेत. सगळे कॅमेरे १४ फुटांवर, शेडच्या कडेला, सगळे २.८. गेट १६ फुटी. मागच्या कुंपणात कच्च्या रस्त्याच्या बाजूला फाटक. दिवा फक्त दुकानासमोर.

माझं म्हणणं असं. सगळं यार्ड चेहरा दिसेल इतकं झाकायला गेलात तर वीस कॅमेरे लागतील. ते करायचंच नाही. माणूस आणि गाडी कुठून तरी आत शिरते, तिथे चेहरा पकडा. बाकी ठिकाणी काय हालचाल झाली एवढं कळलं तरी पुरे. तुमच्याकडे शिरायच्या जागा दोन: गेट आणि मागचं फाटक. या दोन्ही ठिकाणी ४ मेगापिक्सेल, ६ एमएम लेन्स, फाटकापासून ८ मीटरवर. ही लेन्स साधारण ५० अंश बघते, म्हणजे तिथे साडेसात मीटरचा पट्टा येतो. आडवे २५६० ठिपके भागिले साडेसात, मीटरला ३४० च्या वर. चेहऱ्याला पन्नासहून जास्त ठिपके.

उंची कमी करा. चौदा फुटांवरून टोपी दिसते, तोंड नाही. आठ-नऊ फुटांवर आणा. हाताला लागेल ही भीती असेल तर आयके१० (ठोसे झेलण्याचं मानांकन) असलेला दणकट डोम, म्हणजे घुमटाच्या आकाराचा कॅमेरा घ्या, आणि एक कॅमेरा दुसऱ्याला बघेल असे समोरासमोर लावा.

गाडीचा नंबर हा वेगळा विषय. नंबर प्लेट प्रकाश परत फेकणारी असते, कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (रात्री बघायला तो सोडतो तो डोळ्याला न दिसणारा प्रकाश) तिच्यावर पडला की ती पांढरीफटक होते, तुम्हाला दिसला तोच चौकोन. चेहऱ्याच्या कॅमेऱ्यावर नंबर मिळेल ही आशा ठेवू नका. गेटवर नंबरसाठी एक स्वतंत्र कॅमेरा, अरुंद लेन्स, शटर (एक चित्र टिपायला लागणारा वेळ) सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास स्थिर केलेलं, आणि गाडी जिथे वेग कमी करते तिथे रोखलेला. चित्र काळं दिसेल, फक्त प्लेट दिसेल. तेवढंच त्याचं काम. चेहऱ्याच्या कॅमेऱ्याचं शटरही रात्री आपोआपवर सोडू नका. अंधारात ते इतकं मंदावतं की चालणारा माणूस लांबडा डाग होतो. शंभरावा भाग ठेवा आणि प्रकाश कमी पडला तर दिवा वाढवा.

पत्र्याजवळ कॅमेरा लावला असेल तर त्याचा इन्फ्रारेड पत्र्यावरून परत येऊन चित्र धुऊन टाकतो. तुमच्या शेडच्या कडेच्या दोघांचं हेच झालंय. हातभर पुढे आर्म काढा. त्या इन्फ्रारेडला किडे येतात, किड्यांपाठोपाठ कोळी. आठवड्याला एकदा काठीला फडकं बांधून जाळी काढायची, याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

वायर पूर्ण तांब्याची कॅट-६ घ्या. स्वस्तातली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. लांब अंतरावर वीज कमी पडते आणि रात्री इन्फ्रारेड लागला की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. एका वायरीची मर्यादा १०० मीटर. दुकानातून मागच्या फाटकापर्यंत मात्र मी तांबं टाकणार नाही, फायबर टाकेन. वळवाच्या पावसात वीज जवळपास कुठेही पडली तरी लांबच्या तांब्यातून झटका येऊन रेकॉर्डरसकट सगळं जातं. दर मे महिन्यात असे मेलेले रेकॉर्डर माझ्या टेबलावर रांगेने येतात.

साठवण: कॅमेऱ्याला २ एमबीपीएस धरा, दिवसाला २१.६ जीबी. सहांचे सुमारे १३० जीबी. ४ टीबीची डिस्क जेमतेम महिना पुरते. नंबरचा सातवा कॅमेरा धरता मी ६ टीबी टाकेन, आणि ती सर्व्हेलन्ससाठीचीच, कॉम्प्युटरची नको.

---

मालवण_किनारा | बुधवार, सकाळी ७:५०

वाचतोय आणि शिकतोय. आमचं बोटींचं आणि डायव्हिंग सामानाचं शेड किनाऱ्यावर. आमच्याकडे चोरापेक्षा खारो वारो वाईट. लोखंडी ब्रॅकेट एका पावसाळ्यात गळून पडतो, स्टेनलेसच्या ३१६ ग्रेडचे स्क्रू घ्या. कॅमेरा आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा असला तरी त्याच्या शेपटीचा जोड तसा नसतो, पाणी तिथूनच शिरतं. जोड प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये ठेवायचा, बॉक्सला भोक खालून पाडायचं आणि वायर आधी खाली लोंबू देऊन मग वर न्यायची, म्हणजे थेंब तिथेच गळतो.

कराडला खारा वारा नाही, पण पाऊस कमी नाही, म्हणून लिहिलं.

---

माहेर_सांगली | बुधवार, सकाळी ११:२०

एक विचारू? यार्डाच्या मागे कामगारांची कुटुंबं राहतात का? आमच्या वीटभट्टीवर कॅमेरे लावले तेव्हा बायकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की एका कॅमेऱ्यात त्यांची न्हाणीची जागा येते. सहा महिने त्या अंधार पडेपर्यंत थांबायच्या, आणि आम्हाला पत्ता नव्हता. आणि रात्री तर इन्फ्रारेडमध्ये दिसतंच. मला फार लाज वाटली होती. कॅमेरा लावताना तिथे राहणाऱ्या बायकांना स्क्रीन दाखवा, ही माझी कळकळीची विनंती.

---

कोर्टाची_पायरी | बुधवार, दुपारी १२:०५

फार महत्त्वाचा मुद्दा. बाईच्या खाजगी क्षणांचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, "मला माहीत नव्हतं" या बचावावर विसंबून राहू नये. बहुतेक रेकॉर्डरमध्ये चित्राचा एखादा भाग काळा करून टाकायची सोय असते. शेजाऱ्याची खिडकी, न्हाणी, घराचं दार काळं करा. त्याआधी कॅमेऱ्याचा कोन बदलता येतो का ते बघा. आणि कॅमेरे चालू असल्याची पाटी गेटवर मराठीत, वाचता येईल अशी लावा.

---

यार्डवाली_कराड | बुधवार, रात्री ९:१५

माहेर_सांगली ताई, मागे दोन कुटुंबं आहेत. आज संध्याकाळी दोघींना बोलावून स्क्रीन दाखवली. एक कोपरा खरंच येत होता. त्या काहीच बोलल्या नव्हत्या तीन वर्षं. तो कॅमेरा आजच फिरवला. तुमचे उपकार.

तारजोडणी दादा, तुम्ही सांगितलंत तसंच करायचं ठरवलंय. जुन्या माणसाकडून ॲडमिनचा पासवर्ड मागितला तर आधी देईना. एवढी वर्षं आमच्या यार्डाचं चित्र त्यालाही दिसत होतं हे तेव्हा लक्षात आलं.

---

तारजोडणी | बुधवार, रात्री ९:५०

हे फार जणांचं असतं, ताई. पासवर्ड मालकाकडेच हवा, कामगाराला फक्त बघण्याचं वेगळं खातं द्या. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर याच कारणाने ताब्यात घेतले होते. पासवर्डची ठरलेली यादी घेऊन तो दारं ठोठावत फिरायचा. कॅमेऱ्यांचं नेटवर्क दुकानाच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरपासून वेगळं ठेवा, राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडून ठेवू नका.

खरेदी करताना मॉडेलला एसटीक्यूसीचं (केंद्र सरकारच्या चाचणी यंत्रणेचं) प्रमाणपत्र आहे का ते विचारा. केंद्र सरकारने कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या नव्या अटी ९ एप्रिल २०२५ पासून लागू केल्या आहेत. जुना पडून राहिलेला माल स्वस्तात गळ्यात मारणारे भेटतील.

आणि सूचना सगळीकडे चालू करू नका. ऊस हलला, मांजर गेलं, प्रत्येक वेळी फोन वाजला की चौथ्या दिवशी तुम्ही आवाज बंद करता. फक्त मागच्या फाटकाच्या रेषेवर, फक्त माणूस किंवा गाडीसाठी, रात्री दहा ते सहा. ती सूचना दोघांच्या फोनवर आणि एक भोंगा यार्डात.

---

बेदाणा_शेड | रविवार, सकाळी ९:००

ताई, बरेच दिवस झाले. मामा आले का?

---

यार्डवाली_कराड | रविवार, रात्री ११:१०

उशीर झाला, माफ करा. जोडणी कालच पुरी झाली.

पोलिसांना पंपाच्या आणि पुढच्या एका ढाब्याच्या फुटेजवरून गाडीचा माग लागलाय, तपास चालू आहे, त्यामुळे अधिक लिहीत नाही. माल मिळेल न मिळेल.

मामा परवा आले. स्वतःहून. मी काही विचारायच्या आधीच बाज उचलून गेटपाशी नेली. पाण्याची सोय आता यार्डातच केली आहे, रात्री पंपावर जायला नको.

तारजोडणी दादांनी बजावलं होतं की पैसे द्यायच्या आधी रात्री चालून बघायचं. काल रात्री सगळे दिवे घालवून मिस्टर स्क्रीनसमोर बसले आणि मी मामांना म्हटलं, तुम्ही मागच्या फाटकातून आत या, चोर येईल तसे. ते फाटकातून आले, सळईपर्यंत गेले, परत फिरले. मग मी त्यांना आत नेऊन दाखवलं. पडद्यावर त्यांचा चेहरा, कपाळावरचा जुना व्रणसुद्धा दिसत होता. खाली वेळ १०:४७, आणि मोबाइलवरही १०:४७.

मामांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "टोपी घालून परत एकदा जातो. टोपीतपण दिसलं पाहिजे."

गेले. दिसलं.